निळ्या चौकोनातली खूण

१

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. अकरा पानं खोटं लिहिलंत, खाली गोल शिक्का मारलात, आणि माझ्या मेलेल्या सुनेला खोटारडी आणि चोर ठरवून मोकळे झालात.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे हा कोण उपटसुंभ असं नंतर विचारायला नको. कार्यालयाच्या कागदावर मी मोफोका. हा लेकोरो हे आमचं डोंगरातलं गाव; तिथल्या सबस्टेशनवर एकतीस वर्षं ट्रान्सफॉर्मर सांभाळला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरची पाटी वाचत वाचत शिकलो. आईने ठेवलेलं नाव ज्वांग, म्हणजे गवत. तीन वर्षांच्या दुष्काळानंतर डोंगर पुन्हा हिरवा झाला त्या आठवड्यात जन्मलो म्हणून. दोन-चार म्हातारे सोडले तर आता या नावाने मला कोणी हाक मारत नाही.

सून म्हणजे मामोसा, मोसाची आई. लग्न होऊन आली तेव्हाच, पुढे होणाऱ्या लेकराच्या नावावरून, हे नाव आम्ही रीतीप्रमाणे दिलं. मोसा त्यानंतर तीन वर्षांनी झाली. मी निवृत्त झालो आणि माझ्या जागी तिला घेतलं.

जुलैची चौदा तारीख, आमच्याकडचा ऐन हिवाळा. दोन दिवस बर्फ पडला होता आणि त्याने वरची लाइन तोडली होती. दोन दिवस ट्रान्सफॉर्मर बंद, दगडासारखा गार. त्या सकाळी लाइन जोडून झाली. आठ वाजता मामोसाने राजधानीतल्या कंट्रोल रूमला फोन करून पाहणी सांगितली. आठ चाळीसला कंट्रोल रूमने तिथूनच बटण दाबलं. आठ एक्केचाळीसला ट्रान्सफॉर्मर फुटला. ती त्याच्यापासून दोन हातांवर होती.

मी मेंढ्यांच्या वाड्यात होतो. आवाज आला आणि मला कळलं. ज्याची गुणगुण एकतीस वर्षं ऐकली त्याचं ओरडणं ओळखू येतं. तिला ब्लँकेटात गुंडाळून आणलं. उघडू नका म्हणाले. मी उघडलं.

पाच आठवड्यांनी तुमच्या चौकशीचा अहवाल आला. त्यात लिहिलंय की मामोसाने पाहणी न करताच ब्रीदरच्या गोळ्या निळ्या आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे, असं कळवलं. तिच्याजवळ तेल काढण्याचं सामान सापडलं, म्हणजे ती तेल चोरत होती. म्हणून मृत्यूला ती स्वतःच जबाबदार, आणि मुख्य कार्यालयाच्या फाटकातल्या दगडावर, जिथे कामावर मेलेल्या एकोणीस जणांची नावं कोरलीत, तिथे तिचं नाव येणार नाही.

मला त्या दगडावर तिचं नाव हवंय. दुसरं काही मागायला मी आलेलो नाही. मोसा नऊ वर्षांची आहे आणि शाळेत तिला ‘तेलचोराची’ म्हणतात.

अहवाल मी तीनदा वाचला. प्रत्येक वाक्यावर थुंकावंसं वाटलं, एक सोडून. पान चारवर लिहिलंय: ‘या ब्रीदरमधल्या गोळ्या कोणत्याही परिस्थितीत निळ्या होऊ शकत नाहीत, म्हणून निळ्या असल्याचं सांगणाऱ्याने त्या पाहिल्याच नव्हत्या.’

ते वाक्य मला खोडता आलं नाही.

२

ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो. तापला की आतलं तेल फुगतं, हवा बाहेर जाते. गार झाला की हवा आत ओढतो. हवेबरोबर ओल आत जाऊ नये म्हणून वाटेत एक काचेची बरणी असते, ती ब्रीदर. तिच्यातल्या गोळ्या ओल पितात आणि पिऊन तट्ट झाल्या की रंग बदलतात. माझ्या काळातल्या गोळ्या कोरड्या असताना निळ्या आणि ओल्या झाल्या की गुलाबी. त्यांत विष आहे असं निघालं, म्हणून स्फोटाच्या चौदा महिने आधी नव्या आल्या. कोरड्या नारिंगी, ओल्या झाल्या की गर्द हिरव्या. निळा रंग गेलाच.

हे सगळं मामोसाला माझ्याइतकंच माहीत होतं. माझा मुलगा टेफो खाणीत मेला तेव्हा मोसा दोन वर्षांची होती. सून माहेरी गेली असती तर कोणी नावं ठेवली नसती. ती राहिली. ट्रान्सफॉर्मरपाशी माझ्या मागे उभी राहून तिने काम उचललं. तारा जिथून आत जातात त्या बुशिंगची चिनी माती पुसायला, तेलाचा वास ओळखायला, गुणगुण बदलली की थबकायला शिकली. परीक्षेत सतरा पुरुष होते, पहिली आली ती.

घरात मात्र जुन्या वळणाची. माझ्यासमोर डोक्यावरचं फडकं कधी सरकलं नाही, माझ्या खुर्चीला कधी हात लागला नाही. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्या नावासारखा शब्दसुद्धा जिभेवर येऊ देत नाही. त्यामुळे तिचं बोलणं म्हणजे शेजारणींची करमणूक. ‘शेळ्या छपरात शिरल्या,’ ‘जरा छप्पर उपटून आणते’ असं बोलायची, आणि शेजारीण ओरडून विचारायची, अगं बाई, तुमच्या घरावर काही उरलंय की नाही?

ही बाई न बघता रंग सांगेल? मी मानायला तयार नव्हतो. मग पहिला तर्क असा केला की गोळ्या खरोखरच निळ्या असणार. गोदामातून चुकून जुन्या गेल्या असतील.

गोदाम म्मे मापासेका सांभाळते, आईसारखा मान देऊन सगळे तिला म्मे म्हणतात. जीभ अशी की टाळं उघडायला तिला किल्ली लागू नये. मी विचारलं, जुन्या गोळ्यांचा एखादा डबा राहिला होता का. तिने मला रिकामी फळी दाखवली, परत पाठवलेल्या अकरा डब्यांची पावती दाखवली, वर म्हणाली, नव्या गोळ्या अगदी संत्र्याच्या चॉकलेटासारख्या दिसतात, शिपायाने दोन चघळून पाहिल्या म्हणून तर तिला पहिल्या दिवसापासून लक्षात आहेत.

“आणि गोळ्या बदलल्याचं कोणाकोणाला कळवलं?”

“मोफोका, मी गोदाम बघते, टपाल नाही. खोक्यात दोन कागद आले. एक हा खिळ्याला लटकतोय. दुसरा तुमच्या सुनेला दिला.”

“कंट्रोल रूमला?”

“खोक्यावर त्यांचं नाव नव्हतं. लग्नाची पत्रिका नाही आली तर तुम्ही जेवायला जाता का?”

तरीही खात्री हवी होती. सबस्टेशनवर गेलो. ब्रीदरची बरणी फुटून चिखलात गेली होती. गुडघ्यावर बसून चिखल चाळला. एकवीस गोळ्या मिळाल्या, काळपट हिरव्या. बर्फात भिजलेल्या, त्यामुळे त्या सकाळी त्या कशा होत्या ते काही त्यांवरून ठरणार नव्हतं. जात तेवढी कळणार होती. घरी तव्यावर टाकून मंद आचेवर परतल्या. तासाभरात एकेक करून एकवीसच्या एकवीस नारिंगी झाल्या.

म्हणजे नव्याच. म्हणजे निळ्या नव्हत्याच. माझा तर्क तव्यावरच मेला, आणि तुमचं पान चार अजून जिवंत होतं.

३

मग तुमचं पान सात घेतलं. मृतदेहाजवळ सापडलेल्या वस्तू. झाकणाची बादली, एक. रबरी नळी, एक. अर्ध्या लिटरची काचेची बाटली, फुटलेली. थर्मामीटर, एक. खाली लिहिलंय, ‘सदर साहित्य तेलचोरीसाठी असल्याचे दिसते.’

कोणाला दिसते, साहेब? हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी तेलाचा नमुना काढलाय का?

इकडे तेल चोरणारे आहेत, मला माहीत आहेत, एकाला तर मी कुंपणावरून पाय धरून ओढलाय. चोर वीस लिटरचे कॅन आणतो. अर्धा लिटर चोरायला कोण जीव धोक्यात घालतो? आणि थर्मामीटर कशाला, चोरलेल्या तेलाला ताप आलाय का बघायला?

नमुना काढायची पद्धत मीच तिला शिकवली. खालच्या तोटीला नळी लावायची. पहिलं दोन लिटर तेल बादलीत सोडायचं, कारण तोटीत साचलेली घाण त्यात येते. मग बाटली त्याच तेलाने दोनदा विसळायची, मग भरायची, आणि त्या क्षणी तेलाचं तापमान बघून लिहायचं. तापमानाशिवाय प्रयोगशाळेला ओलीचा हिशेब लागत नाही. बादली, नळी, बाटली, थर्मामीटर. तुमची चोरीची यादी म्हणजे नमुन्याच्या धड्याचं पहिलं पान आहे.

बादली अजून सबस्टेशनच्या खोलीत होती. पहारेकऱ्याने कुरकुर करत दार उघडलं. झाकण घट्ट होतं, म्हणजे आत बर्फ पडलेला नव्हता. आत बरोबर दोन लिटरच्या खुणेपर्यंत तेल. मी लोखंडी सळई शेगडीत लाल केली आणि तेलात बुडवली. कोरडं तेल नुसतं फुसफुसतं. हे तेल कढईत ओली भाजी पडावी तसं तडतडलं. पहारेकरी दोन पावलं मागे सरला.

पाणी होतं तेलात, तेही बरंच. आता पाहा काय जुळतं. दोन दिवस बंद राहून तेल गारठलं. गरम तेल ओल पोटात ठेवतं, गार तेल ती बाहेर टाकतं. असा ट्रान्सफॉर्मर एकदम चालू करणं म्हणजे आतल्या पाण्यातून विजेला रस्ता करून देणं. ते त्या सकाळी झालं.

आणि मामोसा नमुना का घेत होती? रोज कोणी नमुना घेत नाही, वर्षातून एकदा घेतात. मधेच घ्यायचा तो एकाच कारणासाठी, ब्रीदर ओला दिसला तर. तिने गोळ्या पाहिल्या होत्या. हिरव्या पाहिल्या होत्या. आणि तसं कळवल्यावर आता नमुन्याचा निकाल येईपर्यंत कोणी ट्रान्सफॉर्मर चालू करणार नाही या भरवशावर ती त्याच्या पायाशी बसून बाटली विसळत होती. पूर्वी ब्रेकरला कुलूप घालायची किल्ली आमच्या कमरेला असायची; ती तुम्ही सहा वर्षांपूर्वी राजधानीत नेली. सुरू होण्याआधीची घंटा तिथे आहे, पण ती त्याच ट्रान्सफॉर्मरच्या विजेवर वाजते, तो बंद असला की मुकी.

तिने हिरव्या पाहिल्या, तिने कळवलं. तरी कंट्रोल रूमच्या रजिस्टरात निळा.

आता खोटं बोलणारा एकच उरत होता. फोनच्या दुसऱ्या टोकाचा.

४

त्याचं नाव न्कोपाने. चौतीस वर्षांचा, राजधानीतच वाढलेला, जुळ्या मुलींचा बाप. मी त्याला मारायला गेलो होतो, हे लपवत नाही. मिनीबसमध्ये पाच तास काठी मांडीवर धरून बसलो होतो.

कंट्रोल रूमच्या दारात त्याने मला पाहिलं आणि उभा राहिला. “या, न्ताते मोफोका,” म्हणाला, बापाला म्हणतात तसं, आणि स्वतःची खुर्ची दिली. मी बसलो नाही. मी म्हणालो, तू एका बाईला जाळलंस आणि तिच्यावर खोट्याचा डाग ठेवलास. वाद घालणाऱ्याला मारता येतं. हा वाद घालेना.

त्याने कपाटातून रजिस्टर काढून माझ्यासमोर उघडलं. छापील, इंग्रजीत. ‘गोळ्यांचा रंग’ या शब्दांपुढे दोन चौकोन. पहिला निळा, दुसरा गुलाबी. चौदा जुलैला निळ्या चौकोनात खूण.

मी म्हणालो, बघ, तुझ्याच हाताची. तो म्हणाला, “मागची पानं पण बघा, न्ताते.”

मी उलटत गेलो. सात जुलै, निळा. तीस जून, निळा. मे, मार्च, गेल्या वर्षीचा डिसेंबर. चौदा महिन्यांतला प्रत्येक आठवडा निळा. दर महिन्याच्या शेवटी इंजिनिअर फाफोलींची सही, आणि त्यांतल्या दोन महिन्यांत फाफोली स्वतः हा लेकोरोला येऊन, त्या ब्रीदरसमोर उभे राहून, नारिंगी गोळ्या डोळ्यांनी बघून गेले होते. माझ्या घरी बसून मक्याच्या पिठाचा पापा आणि पालेभाजी खाऊन गेले होते.

न्कोपानेने सांगितलं की पहिल्या आठवड्यात मामोसाने नारिंगी सांगितलं तेव्हा तो गोंधळला. फाफोलींना विचारायला गेला. ते म्हणाले, नवा माल आहे, कोरडा असला की तसाच दिसतो. रजिस्टर पाच वर्षांचं एकदम छापून येतं, नवं येईतोवर कोरड्याला निळ्यात खूण कर. ओला झाला तर कसा दिसेल हे यानेही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

म्हणजे, साहेब, त्या रजिस्टरातला निळा कधी निळा नव्हताच. ज्या एका शब्दावर तुम्ही तिला खोटी ठरवलंत, तो तुमच्याच इंजिनिअरच्या सहीने चौदा महिने खोटा होता. पान चार तिथेच पडलं. मी काठी भिंतीला टेकवली आणि त्याने दिलेल्या खुर्चीवर बसलो.

पण पुरं झालं नव्हतं. नारिंगी ऐकून निळ्यात खूण केली, समजलं. त्या दिवशी मामोसा नारिंगी म्हणालीच नसणार. मग न्कोपानेने काय ऐकलं?

“त्या दिवशी त्यांनी रंग ‘बोटाला’ सांगितला,” तो म्हणाला. “चौदा महिन्यांत पहिल्यांदा.”

५

तुम्ही आमच्यातलेच आहात, साहेब, तुम्हाला हे आईच्या दुधाबरोबर मिळालंय; तरी लिहितो, कारण तुमच्या अकरा पानांत ते कुठे नाही. आमच्या भाषेत निळ्याला आणि हिरव्याला शब्द एकच, ‘बोटाला’. वेगळं करून सांगायचं तर पुढे जोडावं लागतं. आकाशाचा बोटाला म्हणजे निळा. गवताचा बोटाला म्हणजे हिरवा. बाजारात, शाळेत, कापडाच्या दुकानात दिवसातून शंभर वेळा आपण ते जोडतो. इंग्रजी शब्द तिलाही येत होता, पण फोनवर आपण आपल्या भाषेत बोलतो. इंग्रजी फक्त तुमच्या रजिस्टरला लागते.

मी न्कोपानेवर ओरडलो. बोटाला ऐकून तू विचारलं नाहीस, कसला ते?

“विचारलं, न्ताते. शपथेवर सांगतो. चौकशीत पण सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं नाही. मी म्हणालो, म्मे, बोटाला कसला?”

“मग?”

“त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, छपराचा.”

तो बोलत राहिला, माणूस महिनोन्‌महिने मनात घोकलेलं बोलतो तसा. तो म्हणाला, “मी नीट ऐकलंय का म्हणून पुन्हा विचारलं, छपराचा ना? त्या हो म्हणाल्या. मी खिडकीतून पाहिलं. मग म्हणालो, ठीक आहे म्मे, लिहिलं. त्यांनी माझे आभार मानले.”

मीही खिडकीतून पाहिलं. समोर तुमच्या खात्याच्या सात इमारती. सातांवर पत्रा, सातांचा रंग निळा. हा लेकोरोच्या सबस्टेशनचंही छप्पर तसंच. राजधानीत वाढलेल्या माणसाला छप्पर म्हणजे पत्रा. त्याने विचारलं, ऐकलं, पडताळलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कंट्रोल रूमचा इतका सावध माणूस पाहिला नव्हता.

“माझं नाव काय?” मी त्याला विचारलं.

“न्ताते मोफोका.”

“ते आडनाव. आईने ठेवलेलं?”

त्याला माहीत नव्हतं. कशाला असेल? कुठल्याच कागदावर नाही ते.

“ज्वांग,” मी म्हणालो.

ज्वांग म्हणजे गवत, आणि सून सासऱ्याचं नाव घेत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. मग त्याने रजिस्टर मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसला, जणू आतून काही बाहेर येऊ पाहत होतं.

आमच्या घरावर गवत आहे. डोंगरातल्या सगळ्या घरांवर गवतच. माझ्या नावाचा शब्द टाळायचा म्हणून तिने बारा वर्षं गवताला छप्पर म्हटलं. शेळ्यांच्या बाबतीत म्हटलं, मोसाच्या केसांत अडकलेल्या काडीला म्हटलं, आणि त्या सकाळी जिथे मी नव्हतो, जिथे ऐकायला एक परका माणूस आणि टेलिफोनची तार होती, तिथेही म्हटलं. न्कोपाने म्हणाला, ती जरा थांबली. तेवढ्यात काय झालं असेल ते मला माहीत आहे. खरा शब्द ओठांपर्यंत आला असेल आणि तिने तो मागे घेतला असेल. माझ्या मानासाठी.

मला तो मान आवडायचा, हेही लिहून ठेवतो. शेजारणी हसायच्या तेव्हा मी दारात बसून मिशीत हसायचो. ट्रान्सफॉर्मरबद्दल मी तिला सगळं शिकवलं. कोणत्या तोटीला हात लावायचा, कोणत्या आवाजाला पळायचं. एवढं एकच शिकवलं नाही की, पोरी, कुंपणाच्या आत सासरा नसतो. तिथे माझं नाव घे, ओरडून घे.

काठी मी तिथेच विसरलो. न्कोपानेने ती नंतर मिनीबसवाल्याबरोबर पाठवून दिली.

६

मी इंजिनिअर फाफोलींकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं, चहा मागवला, सगळं ऐकलं. तव्यावरच्या गोळ्या, बादली, सळई, रजिस्टर, छप्पर. मधेच एकदा चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

मग म्हणाले, “न्ताते, मी फॉर्मची चूक लिहिली तर वरचे विचारतील, फॉर्म कोणी चालवून घेतला. न्कोपानेची लिहिली तर त्याची नोकरी जाईल, त्याच्या दोन मुली आहेत. मामोसा तर गेली. तिचं आता याहून काही वाईट होणार नाही.”

मी विचारलं, आणि मोसाचं?

त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. मी प्यायलो नाही.

म्हणून हे तुम्हाला लिहितोय. न्कोपानेचं नाव यात आलंय ते साक्षीदार म्हणून. त्याच्या केसाला धक्का लावलात तर मी मुख्य कार्यालयाच्या फाटकात बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हे वाचून दाखवीन. माझा आवाज अजून ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीवर चढतो.

तुमच्या अहवालात ‘मृत्यूचे कारण’ असा एक रकाना आहे. तिथून तिचं नाव काढा आणि माझं घाला. ज्वांग मोफोका, निवृत्त, हा लेकोरो. मी सही देतो, अंगठा देतो. तिने माझ्या नावापायी जीव दिला, ते माझ्या वाट्याचं आहे आणि ते मी कोणाला वाटून देणार नाही.

पण त्या रकान्यात माझ्याखाली एक ओळ रिकामी राहते. गोळ्या बदलायचा हुकूम राजधानीत कोणीतरी काढला. आता रंग नारिंगी आणि हिरवा असणार हे त्या माणसाला माहीत होतं. रजिस्टरात निळा आणि गुलाबी छापलेत हेही माहीत होतं. खोक्यावर कंट्रोल रूमचं नाव घालायचं नाही हेही कोणाच्यातरी हातून झालं. चौदा महिने तो माणूस दर सोमवारी कामावर आला आणि घरी गेला. अकरा पानांत तुम्ही माझ्या सुनेचं नाव त्रेचाळीस वेळा लिहिलंत, मी मोजलंय. त्याचं एकदाही नाही.

तिने नाव घेतलं नाही कारण तिच्या घरी ती रीत होती. तुमच्या घरी कसली रीत आहे, साहेब? दगडावर तिचं नाव कधी कोरणार ते सांगा, आणि त्याआधी त्या माणसाचं नाव घ्या.